वरच्या मजल्यावरच्या प्रेसला रॅन्समवेअर लागला, आता आपल्या प्रेसचं काय करू?

गाळा_नं_१४ · मंगळवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. वडाळ्याला आमची छोटी ऑफसेट प्रेस आहे, बाबांनी ट्रेडल मशीनवर चालू केलेली, आता मी आणि बायको बघतो, सहा माणसं कामाला. लग्नपत्रिका, बिलबुकं, लेबलं, आणि सध्या गणपती तोंडावर आलेत म्हणून मंडळांची पावती पुस्तकं नि अहवाल, मान वर करायला फुरसत नाही.

आमच्याच इस्टेटमधे वरच्या मजल्यावर अजून एक प्रेस आहे. शनिवारी सकाळी त्यांच्या डीटीपीच्या पोराने पीसी चालू केला तर सगळ्या फायलींच्या नावाला भलतंच शेपूट लागलेलं, एक फाईल उघडेना, आणि डेस्कटॉपवर चिठ्ठी की बिटकॉईनमधे पैसे द्या नाहीतर विसरा. मी स्वतः वर जाऊन बघून आलो. अहो आठ वर्षांचं काम. नेहमीचं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं मागच्या वर्षीचंच काढा फक्त तारीख बदला, ते सगळं गेलं. मालक नुसता स्क्रीनकडे बघत बसला होता, समोरच्या कटिंग चहावर साय धरलेली. तेव्हापासून मला झोप नाही.

आमचा सेटअप सांगतो. चार कॉम्प्युटर. दोन डीटीपीला, त्यातल्या एकावर हिशेबाचं टॅली पण. एक काउंटरवर, त्यावर जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब दिवसभर चालू, गिऱ्हाईकांच्या फायली तिथेच उतरवतो. चौथा सीटीपी मशीनला, म्हणजे प्लेट काढायच्या मशीनला जोडलेला, तो विंडोज ७ वर आहे कारण मशीनचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालतच नाही आणि नवीन सॉफ्टवेअरची किंमत ऐकून मी फोन ठेवला होता. अकाउंटवाले काका बदलापूरला राहतात, लॉकडाऊनपासून घरूनच रिमोटने टॅलीत एंट्र्या मारतात. सगळे पीसी एकाच राउटरवर, ‘जॉब’ नावाचा एक फोल्डर सगळ्यांना शेअर.

बॅकअप आहे. म्हणजे एक हार्डडिस्क आहे, ती मेन पीसीला मागून लावलेलीच असते, रोज रात्री आपोआप कॉपी होते. अँटीव्हायरस विकतचा आहे.

दोन गोष्टी टोचतायत. एक म्हणजे वरच्यांकडे सीटीपी नाही, त्यांच्या प्लेटा आम्हीच काढून देतो, आणि शुक्रवारी संध्याकाळीच त्यांचा पोरगा पेनड्राईव्ह घेऊन आला होता आणि तो मी त्या विंडोज ७ वाल्या पीसीला लावला. दुसरी, एका पतपेढीचा अहवाल आणि सभासदांच्या नोटिसा आम्ही छापतो, त्याची एक्सेल येते, नाव पत्ता मोबाईल खाते नंबर सगळं. पाच वर्षांच्या एक्सेल आमच्याकडे पडून आहेत. हे कोणाच्या हाती लागलं तर?

कॉम्प्युटरवाला म्हणतो फायरवॉल बसवा, म्हणजे नेटवरून येणारं नको ते अडवणारी पेटी, कोटेशन देतो. आकडा बघून आधी इथे विचारतोय. नेमकं काय करू आणि कशावर पैसे घालवू नको?


चेंबूरकर_नेटवर्क · रात्री ११.५८

दादा, उद्या शटर वर केलं की अगरबत्ती लावायच्या आधी ती हार्डडिस्क उपटा. खरंच. लावून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नाही, तो फक्त अजून एक ड्राईव्ह आहे.

रॅन्समवेअरला काही वेगळी जादू येत नाही हो, त्या पीसीवर बसलेला माणूस जी फाईल उघडून सेव्ह करू शकतो ती तो पण करू शकतो, मग ती सी ड्राईव्हवर असो, तुमच्या जॉब फोल्डरमधे असो नाहीतर मागे लटकवलेल्या डिस्कवर. विंडोज स्वतः काही जुन्या कॉप्या ठेवतो त्या तर हे लोक सगळ्यात आधी पुसतात. आणि कोणी सांगेल गुगल ड्राईव्हला सिंक लावा झालं, तर इथे फाईल लॉक झाली की तीच लॉक झालेली फाईल वर चढते. जुनी आवृत्ती तिथे साधारण ३० दिवस मिळते पण हजारो फायली एकेक करून मागे न्यायला तुमच्याकडे माणूस कुठाय.

दोन डिस्क घ्या. एक आठवडा ही, एक आठवडा ती. कॉपी झाली की काढायची, आणि जी वापरात नाही ती प्रेसमधे ठेवायची नाही, घरी न्यायची. वडाळ्याला राहून मी तुम्हाला २६ जुलै सांगायला नको, २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता, त्या दिवशी गाळ्यात दोन काय दहा डिस्क असत्या तरी सगळ्या एकत्रच बुडाल्या असत्या.

पण मला डिस्कपेक्षा तुमच्या बदलापूरच्या काकांची जास्त काळजी वाटते. म्हणजे काकांची नाही, ते ज्या दाराने आत येतात त्याची. लॉकडाऊनमधे गल्लोगल्लीच्या कॉम्प्युटरवाल्यांनी एक सोपा उपाय केला, राउटरमधे जाऊन ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून दिला, आणि विंडोजचा स्वतःचा जो रिमोट डेस्कटॉप आहे, ज्याला आम्ही आरडीपी म्हणतो, तो थेट इंटरनेटवर सोडला. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात, सापडला की पासवर्ड लावून बघत बसतात, त्यांना ना झोप ना कंटाळा. फोबोस आणि धर्मा नावाचे जे रॅन्समवेअर छोट्या धंद्यांना लागले ते बऱ्याचदा ह्याच दाराने आले. पोर्टचा नंबर बदलून काही होत नाही, तो पण सापडतो. तुमचा पासवर्ड प्रेसचं नाव आणि पुढे १२३ असा असेल तर मी आत्ताच हात जोडतो.

काकांना व्हीपीएनने, म्हणजे फक्त आपल्या माणसांसाठीच्या बंद वाटेने आत घ्या आणि त्यावर ओटीपी लावा. नुसता व्हीपीएन पण पुरत नाही. अमेरिकेत मे २०२१ मधे कोलोनियल पाईपलाईनवाल्यांची पेट्रोलची लाईन बंद पडली, तिथे कोणी तरी एक जुनं व्हीपीएन खातं होतं, वापरात नव्हतं पण बंद केलेलं नव्हतं, त्याचा पासवर्ड फुटलेला आणि वर ओटीपी नाही. त्यांनी सुमारे ४४ लाख डॉलर दिले सुद्धा, आणि मिळालेलं सॉफ्टवेअर इतकं रटाळ निघालं की आपल्याच बॅकअपवरून काम चालू करत बसले. तुमच्याकडे पण सोडून गेलेल्या पोराचं लॉगिन अजून चालू असेल, बघा.

फायरवॉलचं कोटेशन सध्या ड्रॉवरमधे ठेवा. वाईट वस्तू नाही, पण दार उघडं ठेवून भिंत उंच करण्यात काय अर्थ आहे.

पेनड्राईव्हचं सांगतो. तो पीसी नेटवरून आणि बाकीच्यांपासून आत्ता सोडवा, वायर काढा. त्यातल्या फायली उघडतायत का बघा. चार दिवस झालेत आणि काही दिसलं नाही तर बहुतेक वाचलात, पण बहुतेकवर धंदा चालत नाही, स्कॅन होईपर्यंत वायर परत लावू नका.


बिनधास्त_भांडुप · बुधवार, सकाळी ८.०५

एवढं काय घाबरायचं, चांगला अँटीव्हायरस टाका आणि अनोळखी मेल उघडू नका. २० वर्षं कॉम्प्युटर वापरतोय, काही झालं नाही.


गाळा_नं_१४ · सकाळी ९.४०

भाऊ, वरच्यांकडे पण विकतचाच होता. आणि अनोळखी मेल उघडायचा नाही तर मी प्रेस बंद करू का? धंदाच तो आहे, कोणीही येतं आणि म्हणतं फाईल पाठवलीय बघा.


चेंबूरकर_नेटवर्क · सकाळी ९.५२

भांडुपकर, रिमोटने आत आलेला माणूस अ‍ॅडमिन झाला की आधी अँटीव्हायरस हाताने बंद करतो, मग आपलं काम सुरू करतो. अँटीव्हायरस असू द्या, काढू नका, पण त्याच्या भरवशावर झोपू नका.


पार्ल्याची_टूरवाली · दुपारी २.१५

आमच्यावर चार वर्षांपूर्वी हीच वेळ आली होती, म्हणून लिहितेय. आमची छोटी टूर कंपनी आहे, मी, माझी जाऊ आणि दोन मुली. युरोपची ग्रुप टूर निघायला बारा दिवस होते आणि सकाळी सगळं लॉक. व्हाउचर, तिकिटं, व्हिसाचे फॉर्म, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोकांच्या पासपोर्टच्या स्कॅन. चिठ्ठीत लिहिलेलं की आम्ही डेटा कॉपी पण केलाय, पैसे दिले नाहीत तर नेटवर टाकू. म्हणजे बॅकअप असता तरी अर्धा प्रश्न तसाच राहतो बघा, हे लोक लक्षात घेत नाहीत.

मी घाबरून पहिली चूक केली ती म्हणजे जावेच्या ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं आणि त्याने आल्या आल्या एक पीसी फॉरमॅट मारला. त्यात काय होतं ते कधीच कळलं नाही, आणि व्हायरस कुठून आला हे पण त्याच्याबरोबरच गेलं. फॉरमॅट मारू नका हो. नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, चिठ्ठीचा मोबाईलने फोटो काढा आणि ती डिस्क बाजूला काढून नवीन डिस्कवर काम सुरू करा. लॉक झालेली डिस्क फेकायची पण नाही. ‘नो मोर रॅन्सम’ म्हणून एक साईट आहे, युरोपोल, डच पोलीस आणि दोन अँटीव्हायरस कंपन्यांनी २०१६ मधे सुरू केलेली, तिथे लॉक झालेली एखादी फाईल आणि चिठ्ठी चढवली की कुठला प्रकार आहे ते कळतं आणि चावी असेल तर फुकट मिळते. आमच्या वेळी नव्हती. पण फोबोसची चावी जपानच्या पोलिसांनी जुलै २०२५ मधे फुकट काढली, ज्यांनी डिस्क जपून ठेवली होती त्यांना निदान प्रयत्न करता आला.

दुसरी गोष्ट. एक ‘डेटा रिकव्हरी’वाला आला, म्हणाला आम्ही खोलून देतो, आणि नमुना म्हणून आमची एक फाईल खरंच खोलून दाखवली. आम्ही खूश. नंतर एकाने समजावलं की हे चोर लोक विश्वास बसावा म्हणून एकदोन फायली फुकट खोलून देतात, त्या रिकव्हरीवाल्याने तीच फाईल त्यांच्याकडून खोलून आणली आणि आपलं कसब म्हणून दाखवली. पैसे आम्ही देणार, तो त्यातले चोरांना देणार, उरलेले त्याचे. आम्ही नाही म्हटलं. वरच्या मालकांना हे नक्की सांगा, असे लोक आता त्यांच्याकडे येतीलच.

तक्रार १९३० वर आणि मग सायबर पोलीस स्टेशनला. फायली परत मिळाल्या नाहीत पण तक्रारीची कॉपी कामाला आली, एअरलाईनला दाखवायला, गिऱ्हाईकांना दाखवायला. आणि गिऱ्हाईकांना मी स्वतः फोन केले. १४० फोन, तीन दिवस. म्हटलं, काका, तुमच्या पासपोर्टची कॉपी चोरीला गेलेली असू शकते, कोणी आमच्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका. दोघांनी बुकिंग रद्द केलं. एक आजी म्हणाल्या, सांगितलंस ते बरं केलंस गं. आठवडाभराने खरंच काही जणांना आमच्या नावाने फोन गेले, नवीन खात्यात पैसे भरा म्हणून. एकानेही भरले नाहीत.

आता टूर संपून महिना झाला की पासपोर्टच्या स्कॅन पुसते. मोह होतो ठेवायचा, पुढच्या टूरला परत मागायला नको म्हणून. नाही ठेवत.


खिळेजुळारी · दुपारी ४.३०

गिरगावात चाळीस वर्षं छपाईत काढलीत. अक्षरांचे शिशाचे खिळे होते तेव्हा चोराला खिळ्यांची पेटी उचलून न्यायला हमाल लागला असता.

प्रेसवाल्यांचं एक खरं दुखणं बाकीच्यांना ठाऊक नसतं म्हणून लिहितो. क्रॅक, म्हणजे लायसन्स न घेता चालावं म्हणून कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर. कोरल क्रॅक, फोटोशॉप क्रॅक, फॉन्ट कुठून तरी उतरवलेले. स्टॉप नावाचा रॅन्समवेअर, त्यालाच डीजेव्हीयू पण म्हणतात, तो असल्या क्रॅकच्या पोटातूनच पसरला. ९८० डॉलर मागतो, ७२ तासांत बोललात तर अर्धे, ४९०, सेलच लावलाय जणू. आणि क्रॅक टाकताना पहिली सूचना काय असते? अँटीव्हायरस बंद करा. आपणच कुलूप काढून देतो. लायसन्स महाग आहे हे मला पण कळतं, पण मग एका पीसीवर लायसन्सचं घ्या आणि बाकी कामं इंकस्केप, स्क्रायबसवर होतात का बघा, फुकट आहेत. क्रॅकचा पीसी आणि टॅलीचा पीसी एकच असणं म्हणजे गल्ला रस्त्यावर ठेवून आत जेवायला बसणं.

सीटीपीच्या विंडोज ७ बद्दल. त्याला जानेवारी २०२० पासून पॅच, म्हणजे भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या, येत नाहीत आणि येणार पण नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट पण ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुमचे बाकीचे पीसी कशावर आहेत ते बघा. मे २०१७ ला तो वॉनाक्राय आला तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच दोन महिने आधी, मार्चमधेच आलेला होता, ज्यांनी टाकला नाही ते सापडले. आणि तो कोणी मेल उघडायची वाट बघत नव्हता, एका पीसीवरून शेजारच्या पीसीवर आपला आपण उडी मारत होता. तुमचा ७ वाला पीसी असा एकाच राउटरवर सगळ्यांबरोबर ठेवलात तर तो सगळ्यांना घेऊन बुडेल. त्याला इंटरनेट लागतंच कशाला? प्लेटची पीडीएफ द्यायची, बस. एक पेनड्राईव्ह फक्त त्याच कामाचा ठेवा, लाल रंगाचा घ्या, बाहेरच्या कोणाचाही त्याला लावायचा नाही. आलेला पेनड्राईव्ह आधी काउंटरवर तपासायचा, हवं ते लाल वर घ्यायचं, मग आत.

आणि काउंटरचा पीसी हा देवडी समजा. बाहेरचं सगळं तिथे उतरेल, पण त्यावर टॅली नाही, जॉब फोल्डर नाही, बँकेचं लॉगिन नाही. उद्या तो लॉक झाला तर पुसून टाकायचा आणि चहा प्यायचा. विंडोजमधे फाईलचं शेपूट दिसायची सेटिंग चालू करा. गिऱ्हाईकाने ‘पत्रिका फायनल.पीडीएफ’ पाठवली असं वाटतं आणि पुढे लपलेलं ‘.ईएक्सई’ असतं. काउंटरवरच्या मुलीला एवढं एक बघायला शिकवलंत तरी निम्मं काम झालं.


चेंबूरकर_नेटवर्क · संध्याकाळी ६.१०

काका, शंभर टक्के. २०१७ निघालंच आहे तर, त्याच वर्षी जूनमधे नॉटपेट्या आला, युक्रेनच्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला, आपल्या टॅलीसारखंच समजा. मर्स्क जहाज कंपनीचा धंदा जगभर बसला, इथे जेएनपीटी बंदरात त्यांच्या ग्रुपचं टर्मिनल बंद पडलं. त्यांच्या पूर्ण नेटवर्कची जी मूळ वही असते, कोण माणूस कुठला पीसी त्याची, तिच्या सगळ्या कॉप्या ऑनलाईन होत्या आणि सगळ्या एकदम गेल्या. एकच वाचली, घानाच्या ऑफिसातली. का, तर तिथे नेमकी लाईट गेलेली होती म्हणून तो सर्व्हर बंद पडला होता. एवढी मोठी कंपनी लोडशेडिंगवर वाचली. म्हणून म्हणतो डिस्क उपटा.


गाळा_नं_१४ · गुरुवार, रात्री १०.४५

मंडळी, आज राउटरमधे शिरलो. पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅडमिन’, राउटरच्या खाली स्टिकरवरच छापलेला. आणि हो, ३३८९ उघडा होता, टॅलीच्या पीसीकडे. विंडोजच्या लॉगमधे, म्हणजे नोंदवहीत, बघायला चेंबूरकरांनी मेसेजमधे सांगितलं होतं, तिथे चुकलेल्या लॉगिनची रांग, नावं बघा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, स्कॅनर, टॅली, युझर१. रात्री तीनला, साडेतीनला, मिनिटाला कितीतरी. गाळ्याला कुलूप लावून आम्ही घरी झोपायचो आणि कोणीतरी रोज रात्री दार खटखटवत होतं. अंगावर काटा आला.

पोर्ट बंद केला. बदलापूरचे काका चिडले, दोन दिवस एंट्र्या राहणार म्हणून. बायको म्हणाली, राहू दे, त्यांना दोन दिवस नातवाला शाळेत सोडू दे. सीटीपीच्या पीसीची वायर काढली, स्कॅन केला, पेनड्राईव्हवाल्यात काही निघालं नाही. आता पतपेढीच्या एक्सेलचं कोणी बोलेल का?


सीए_मुलुंड · शुक्रवार, सकाळी ११.००

तांत्रिक भाग सोडून बोलतो. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था, तिचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं. लोक म्हणतात ते मोठ्या कंपन्यांना, आपण प्रोप्रायटर. आयटी कायद्याच्या ४३ए कलमात ‘बॉडी कॉर्पोरेट’ची व्याख्या वाचा, त्यात फर्म आणि प्रोप्रायटरशिप दोन्ही धरल्यात, तेव्हा आम्ही लहान हे कारण चालेल असं धरू नका. लॉग १८० दिवस ठेवा असं पण त्यात आहे, तुमच्या राउटरला कालचं आठवत असेल का शंकाच आहे.

दुसरा २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. डेटा फुटला तर डेटा संरक्षण बोर्डाला आणि ज्याचा डेटा त्या माणसाला कळवावं लागेल, सुरक्षेत हयगय असेल तर दंड २५० कोटींपर्यंत. घाबरू नका, ती कमाल मर्यादा आहे, वडाळ्याच्या गाळ्याला कोणी २५० कोटी लावत नाही. पण ह्यात कायद्यापुढे मुख्य जबाबदार पतपेढी आहे, तुम्ही त्यांच्या वतीने काम करणारे. म्हणजे उद्या त्यांना नोटीस आली की ते पहिला फोन तुम्हाला करणार. आणि हा दूरचा विचार नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, बँकांमधले ऑनलाईन पेमेंट जोडून देणाऱ्या एनपीसीआयने तिची जोडणी तात्पुरती तोडली, आणि सुमारे ३०० छोट्या बँकांच्या गिऱ्हाईकांचे व्यवहार अडले. हल्ला पुरवठादारावर, झळ बँकेच्या खातेदाराला. पतपेढीच्या बाबतीत तो पुरवठादार तुम्ही.

करायचं सोपं आहे. नोटिशीला नाव आणि पत्ता लागतो. मोबाईल आणि खाते नंबर तुम्हाला लागतच नाही, तर ते कॉलम काढून एक्सेल पाठवा असं मॅनेजरना सांगा. फाईल पासवर्ड लावून यावी, पासवर्ड फोनवर घ्या, त्याच मेलमधे नको. काम झालं, बिल पास झालं, की फाईल पुसा आणि पुसली म्हणून एका ओळीचं पत्र द्या. जुन्या पाच वर्षांच्या एक्सेल आजच काढा, रिसायकल बिनमधून पण, आणि त्या बॅकअप डिस्कवर पण असतील त्या विसराल.

टॅलीचं म्हणाल तर जीएसटीत हिशेब त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायची तारीख उलटल्यावर ७२ महिने ठेवायचे असतात, व्हायरसने खाल्ले हे उत्तर ऐकून घेत नाहीत. गेलंच तर पोर्टलवरून जीएसटीआर १, २बी, ई-वे बिलं उतरवता येतात, बँकेचं स्टेटमेंट मिळतं, त्यावरून बरंचसं उभं राहतं. उधारीची वही मात्र कुठल्याच पोर्टलवर नसते. दर महिन्याला टॅलीचा बॅकअप तुमच्या सीएला पाठवून ठेवत जा, ती फुकटातली बाहेरची कॉपी.


गाळा_नं_१४ · रविवार, रात्री ९.३०

एक्सेल पुसल्या. बॅकअपवर खरंच होत्या, आणि काउंटरच्या डाउनलोडमधे पण तीन.

दोन डिस्क आणल्या. आणि आज प्रेस बंद म्हणून विचार केला, घरच्या लॅपटॉपला लावून बघूया, समजा प्रेस जळाली तर ह्यावरून काम होतं का. फाईल उघडली, मागच्या वर्षीची एका मंडळाची पावती. कोरलने विचारलं फॉन्ट नाही, दुसरा लावू का. हो म्हटलं आणि स्क्रीनवर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या, टिंबं, कंस, कसला तरी काला. दुसरी उघडली, तेच. सगळ्या जुन्या मराठी फायली तशाच. गेली सहा वर्षं मी रोज रात्री फायलींचा बॅकअप घेत होतो आणि फॉन्ट एकदाही घेतले नव्हते, ते सी ड्राईव्हवर विंडोजच्या पोटात. डाँगल, म्हणजे लायसन्सची यूएसबी चावी, ती पण प्रेसमधेच पीसीला.

म्हणजे कोणी काही लॉक केलं नसतं, नुसता तो एक पीसी मेला असता, तरी मी वरच्या मालकासारखाच बसलो असतो.


खिळेजुळारी · रात्री ९.५५

युनिकोडच्या आधीचे फॉन्ट ना, तसंच होणार. त्यात ‘क’ हा आतून क नसतोच, कुठलं तरी इंग्रजी अक्षर असतं, फॉन्ट त्याला क चं सोंग देतो. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. विकत घेतलेल्या फॉन्टची सीडी, इन्स्टॉलर, लायसन्सचा कागद, सगळं डिस्कवर घाला. आणि ह्यापुढे जॉब छपाईला गेला की त्याची पीडीएफ काढून त्याच फोल्डरमधे ठेवत जा, पीडीएफच्या पोटात फॉन्ट बसतो, कुठेही उघडते. मजकूर बदलायला त्रास पण निदान वाचता तरी येईल.


गाळा_नं_१४ · रात्री १०.२०

काका, पीडीएफ म्हणालात आणि डोक्यात ट्यूब पेटली. वरच्यांच्या प्लेटा आमच्या सीटीपीवर निघतात ना, त्यांच्या पीडीएफ त्या विंडोज ७ वाल्या पीसीवर पडून असतात, मी कधी साफच केलेला नाही. आत्ता प्रेसला जाऊन बघितलं. २०२३ पासूनच्या आहेत. मोजल्या, ६१२. आठ वर्षांच्या नाहीत पण पत्रिका आहेत, बिलबुकं आहेत, ह्या वर्षीची मंडळांची पुस्तकं तर सगळी.

मालकांना फोन केला. आधी त्यांना वाटलं मी पण पैसे मागणाऱ्यातलाच कोणी आहे, नंबर सेव्ह नव्हता. मग काही बोललेच नाहीत, फक्त म्हणाले येतो. आता पायजम्यावरच आलेत, माझ्या बाजूला स्टुलावर बसलेत, आणि स्वतःचा पेनड्राईव्ह काढून हातात दिला. घेतला नाही. म्हटलं थांबा, लाल आहे.